पार्टी कशी आहे?

पपईच्या सालीवर पिवळी रेघ उमटली की नंदुरबार जिल्ह्याच्या तळोदा-शहादा पट्ट्यात तोडणीची लगबग सुरू होते. व्यापाऱ्याची माणसं शेतात उतरतात, देठापासून फळ वेगळं करतात, एकेक फळ जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि ट्रकमध्ये थरावर थर लावत जातात. भरलेली गाडी वजनकाट्यावर चढते. मग अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागून माल उत्तरेकडच्या बाजारांत निघून जातो. शेतकऱ्याच्या हातात उरते ती काट्याची पावती. पैसे सगळेच्या सगळे त्याच वेळी मिळतील असं नाही. काही आज, काही पुढच्या तोडणीला, काही माल विकला गेल्यावर. पपई नासणारं फळ आहे, ते परत आणून झाडाला लावता येत नाही. म्हणून पहिली गाडी भरण्याआधी बांधावर, पानटपरीवर, फोनवर एकच विचारपूस चालते : पार्टी कशी आहे? पेमेंट टायमावर करते का?

भावावरून होणारा वाद निदान चारचौघांत होतो. शेतकरी आणि व्यापारी शहाद्याच्या बाजार समितीत समोरासमोर बसतात, दर ठरतो, मोडतो, पुन्हा ठरतो. पार्टी कशी आहे हा प्रश्न मात्र कुठल्याही बैठकीत सुटत नाही. त्याचं उत्तर माणसांच्या तोंडी असतं. कुणी स्वतःच्या अनुभवाने सांगतं, कुणी मेहुण्याच्या अनुभवाने, आणि ज्याला त्या व्यवहारात दलाली मिळणार आहे तोही सांगतो. शेतकरी हे सगळं ऐकतो, मनाशी वजन करतो आणि गाडी भरू देतो किंवा देत नाही. हा हिशेब त्याला कुणी शिकवलेला नाही. चुकला तर वर्षाची मेहनत जाते.

गेली तीसेक वर्षं संगणकशास्त्राची एक शाखा नेमक्या याच हिशेबाच्या मागे आहे. एकमेकांना कधी न पाहिलेले दोन संगणक-प्रोग्राम, प्रत्येक जण आपापल्या मालकासाठी काम करतोय, माणूस मध्ये बघायला नाही. अशा वेळी एकाने दुसऱ्यावर किती विश्वास ठेवावा? अशा प्रोग्रामना सॉफ्टवेअर एजंट म्हणतात. सांगितलं तेवढंच करणारं सॉफ्टवेअर वेगळं. एजंटला उद्दिष्ट दिलेलं असतं. मार्ग तो स्वतः शोधतो, सौदा स्वतः करतो, पैसे भरायची परवानगी दिली असेल तर तेही भरतो.

हे आता प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, ऑनलाइन पेमेंटची सेवा देणारी रेझरपे आणि चॅटजीपीटीवाली ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतूनच खरेदी करून यूपीआयने पैसे चुकते करण्याचा प्रायोगिक प्रकल्प जाहीर केला. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने शेतीसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. पपईचा सौदा आज माणसंच करतात, बांधावर आणि फोनवर. पण दिल्लीच्या खरेदीदाराचा एजंट तळोद्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या एजंटशी भाव ठरवतोय, हे चित्र पुढच्या पिढीसाठी राखून ठेवण्याइतकं लांब राहिलेलं नाही. तेव्हा त्या दोघांच्या डोक्यात पार्टी कशी आहे याचं उत्तर कोण आणि कसं भरणार, हे आजच समजून घ्यायला हवं असं मला वाटतं. एकदा यंत्रणा बसली की तिच्यातला हिशेब कुणी उघडून दाखवत नाही.

या शाखेची सुरुवात बहुतेक जण स्टीफन मार्श यांच्या प्रबंधापासून मोजतात. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात 1994 मध्ये त्यांनी विश्वासाला पहिल्यांदा गणिताच्या चौकटीत बसवण्याचा नेटका प्रयत्न केला. त्यांनी विश्वासाला उणे एक ते अधिक एक अशी पट्टी दिली, पण पूर्ण एक हा आकडा मुद्दाम वगळला. शंभर टक्के विश्वास म्हणजे विचार करणंच थांबलं, आणि जिथे विचार नाही तिथे तो विश्वासही नाही, अशी त्यांची मांडणी. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. माणूस एकूण कसा आहे हे वेगळं आणि या कामापुरता कसा आहे हे वेगळं, हा फरक त्यांनी गणितात आणला. जो व्यापारी वजनात कधी एक किलो मारत नाही, तोच पैसे द्यायला दोन महिने लावू शकतो. त्याला एकच आकडा चिकटवला तर दोन्ही गोष्टी लपतात.

पुढे 2002 मध्ये ऑडन योसांग आणि रोस्लान इस्माईल यांनी एक सोपं सूत्र मांडलं. ते इतकं सोपं आहे की वहीच्या मागच्या पानावर करून बघता येतं. चांगले व्यवहार किती झाले त्यात एक मिळवा. एकूण व्यवहार किती झाले त्यात दोन मिळवा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. नवा व्यापारी आला, एकही व्यवहार नाही : एक भागिले दोन, म्हणजे 0.5. विश्वास नाही, अविश्वासही नाही. आता एका व्यापाऱ्याने 8 गाड्या नेल्या आणि आठही वेळा पैसे वेळेवर दिले. 9 भागिले 10, म्हणजे 0.9. दुसरा व्यापारी जुना आहे. त्याने 88 गाड्या नेल्या, 80 वेळा वेळेवर दिले, 8 वेळा रखडवले. 81 भागिले 90. पुन्हा 0.9.

दोघांच्या नावापुढे एकच आकडा. पण दोघे सारखे आहेत का? पहिल्याबद्दल आपल्याला थोडंच ठाऊक आहे. दुसऱ्याबद्दल बरंच ठाऊक आहे, आणि त्यात तो कधी कधी रखडवतो हेही आहे. योसांग यांनी म्हणूनच अनिश्चितता वेगळी मोजायचा आग्रह धरला : दोन भागिले एकूण व्यवहार अधिक दोन. पहिल्या व्यापाऱ्याची अनिश्चितता 0.2, दुसऱ्याची जेमतेम 0.02. आपल्या मोबाइलवर दिसणारे पाच तारे हा दुसरा आकडा गाळूनच दाखवतात. चार पॉइंट पाच तारे, एवढंच. किती जणांनी दिले ते बारीक अक्षरात, कधी दिले ते त्याहून बारीक, आणि किती रकमेच्या व्यवहारावर दिले ते कुठेच नाही.

रकमेचा मुद्दा तर जिवावरचा आहे. फळबागेच्या व्यापारात बुडवणारा माणूस पहिल्याच गाडीला बुडवत नाही. दोन-चार गाड्यांचे पैसे तो ठरल्या दिवसाच्या आधी आणून देतो, गावभर नाव करून घेतो, आणि भाव चढलेला असताना मोठा माल उधारीवर उचलून फोन बंद करतो. वरच्या सूत्रात या माणसाचा आकडा शेवटच्या गाडीपर्यंत चढताच राहील. गणित करणाऱ्यांना हे माहीत आहे. जुन्या व्यवहारांचं वजन हळूहळू कमी करत नेणं, रकमेप्रमाणे व्यवहाराला वजन देणं, असे उपाय त्यांनी सुचवले आहेत. पण साधा आकडा दाखवणं स्वस्त पडतं, आणि बाजारात स्वस्त तेच टिकतं.

स्वतःचा अनुभव नसेल तेव्हा काय करायचं? साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या ह्विन, जेनिंग्स आणि शॅडबोल्ट यांनी 2000 नंतरच्या दशकात ‘फायर’ नावाचा आराखडा तयार केला. त्यात विश्वासाचे चार झरे धरले आहेत : स्वतःचा अनुभव, समोरच्याचं पद किंवा नातं, इतरांची साक्ष, आणि समोरच्याने स्वतः आणून दाखवलेली प्रशस्तिपत्रं. तळोद्याच्या शेतकऱ्यापुढे हे चार शब्द ठेवले तर प्रत्येकाचा अर्थ तो क्षणात सांगेल. पद म्हणजे बाजार समितीचा परवाना. राज्याने 2016 मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. विकायची मोकळीक मिळाली, ती हवीच होती. पण बांधावर येणाऱ्याकडे परवाना असलाच पाहिजे ही अट सैल झाली आणि चारपैकी एक झरा आटला. साहजिकच सगळा भार साक्षीवर आला.

साक्ष देणाऱ्याचा स्वार्थ कुठे आहे, हे बघितल्याशिवाय साक्ष वापरता येत नाही. याचं सगळ्यात दुखरं उदाहरण याच मातीत आहे. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या भागांतून दर हंगामाला आदिवासी मजुरांच्या टोळ्या दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जातात. खानदेशातून तिकडे जाणाऱ्या या मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सविस्तर लिहिलं आहे. कारखाना मजुराला ओळखत नाही. मजूर कारखान्यात कुणाला ओळखत नाही. मध्ये उभा असतो मुकादम. उचल त्याच्या हातून येते, टोळी तो बांधतो, कोण किती ऊस तोडतो, कोण मध्येच पळून जातो, कुणाला पुढच्या वर्षी जास्त उचल द्यायला हरकत नाही, हा सगळा दप्तराबाहेरचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो.

म्हणजे वीस वर्षं इमानाने कोयता चालवणाऱ्या माणसाची पत त्याच्या स्वतःच्या हाती नाही, मुकादमाकडे गहाण आहे. त्याने मुकादम बदलला तर पाटी कोरी. मुकादमाने वाईट शब्द टाकला तर तो खोडायला जागा नाही. आणि मुकादमाबद्दल कुणी काही बोलायचं ठरवलं, तर ते ऐकणार कोण? साक्ष एकाच दिशेने चालते. मला भीती वाटते ती याची. उद्या हाच मुकादम सॉफ्टवेअरच्या रूपात आला, कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर बसला, आणि त्याच्याकडचा मजुराचा आकडा मजुराला दिसेना, दुसऱ्या कंपनीत नेता येईना, चुकला तर दुरुस्त करता येईना, तर उसाच्या फडातली गुलामी आपण तशीच्या तशी नव्या यंत्रात उतरवून घेऊ. ॲपवरून गाडी चालवणाऱ्या आणि जेवण पोचवणाऱ्या शहरातल्या पोरांना हा अनुभव आताच येतो आहे. एका कंपनीकडे कमावलेले तारे दुसऱ्या कंपनीच्या दारात शून्य होतात.

इतरांचे शेरे गोळा करण्यातली दुसरी अडचण ईबेने जगाला दाखवली. 1995 मध्ये सुरू झालेल्या या लिलाव-बाजाराने घेणाऱ्या-विकणाऱ्यांना एकमेकांबद्दल शेरा द्यायची सोय केली, आणि अनोळखी माणसं एकमेकांना पैसे पाठवू लागली. हे छोटं यश नव्हे. पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी तिथले शेरे तपासले तेव्हा खरेदीदारांच्या शंभरातल्या नव्व्याण्णवांहून जास्त शेरे चांगलेच निघाले. सगळे सज्जन होते म्हणून? मी वाईट लिहिलं तर तोही माझ्याबद्दल वाईट लिहील, ही धास्ती होती. शेवटी 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांना खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देण्यापासून रोखलं. तळोद्यात वेगळं काय घडतं? पुढच्या हंगामात त्याच व्यापाऱ्याकडे जायचं असतं, म्हणून पैसे रखडलेला शेतकरीही चारचौघांत ‘ठीक आहे, देतो तसा’ एवढंच म्हणतो. खरं काय ते घरात बोलतो. गप्प बसलेल्या माणसाचा अनुभव कुठल्याच सूत्रात शिरत नाही.

माणूस बाजूला झाला की पत कशी वापरली जाते, याचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. एप्रिल 2011 मध्ये बर्कलीच्या मायकेल आयझेन या जीवशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं की माशीच्या वाढीवरचं ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ हे छपाई बंद झालेलं पुस्तक ॲमेझॉनवर लाखो डॉलरना लावलं आहे. नव्या प्रती विकणारे दोन विक्रेते होते, दोघांच्या किमती प्रोग्राम ठरवत होते. एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या किमतीच्या 0.9983 पट लावायचा, म्हणजे जरासा कमी. दुसऱ्याचा प्रोग्राम पहिल्याच्या 1.270589 पट. दर फेरीत किंमत साधारण 27 टक्क्यांनी वर. 18 एप्रिलला ती 2 कोटी 36 लाख डॉलरच्या पुढे गेली.

पहिल्याचं समजतं, त्याला स्वस्त राहायचं होतं. दुसरा मुद्दाम महाग का राहत होता? आयझेन यांचा अंदाज असा की त्याच्याकडे पुस्तक नव्हतंच. त्याच्या नावावर चांगल्या शेऱ्यांचा ढीग होता. त्या नावाकडे बघून कुणी जास्त पैसे मोजले, तर तो पहिल्याकडून पुस्तक घेऊन पाठवणार आणि मधला फरक ठेवणार. मालाशिवाय नुसतं नाव विकायला काढलेलं, आणि तेही माणसाने न बघता. दोन्ही प्रोग्राम आपापल्या परीने शहाणेच होते. दोघांच्या मधल्या व्यवहाराला शहाणपण देणारं कुणी नव्हतं.

आता ओळखीकडे येतो, कारण ओळख नसेल तर पत टांगायला खुंटीच नाही. आज बुडवलं, उद्या नवं नाव घेऊन आलो, तर कालचा वाईट आकडा काय कामाचा? फ्रीडमन आणि रेस्निक यांनी 2001 मध्ये या स्वस्त नावांची सामाजिक किंमत मांडली. नाव बदलणं फुकट असेल, तर प्रत्येक नवख्याकडे संशयानेच बघावं लागतं. बुडव्यांच्या पापाची भरपाई प्रामाणिक नवख्यांना करावी लागते. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या जॉन डूसर यांनी दुसरं टोक दाखवलं : एकच माणूस हजार नावं घेऊन स्वतःच स्वतःची साक्ष देऊ शकतो, आणि ओळख पटवणारी मध्यवर्ती यंत्रणा नसेल तर त्याला अडवणं व्यवहारात अशक्य आहे.

या दोन्ही निबंधांना नंदुरबार जिल्ह्यात जिवंत संदर्भ आहेत. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी तळोद्याशेजारच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत. एका माणसाला एकच क्रमांक, त्यासाठी दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची नोंद. डूसर यांच्या प्रश्नाला माणसांपुरतं दिलेलं हे उत्तर होतं. सॉफ्टवेअर एजंटला बोटं नाहीत, बुबुळं नाहीत. त्याच्या हजार प्रती क्षणात काढता येतात, आणि पाच मिनिटांपूर्वी जन्मलेली प्रत स्वतःला वीस वर्षांची अनुभवी म्हणवू शकते. म्हणून एजंटला वेगळी पत देणं मला मुळातच चुकीचं वाटतं. त्याच्यामागे ठसा असलेला कुणीतरी हवा. नोंदणी झालेली कंपनी किंवा माणूस. बुडवलं एजंटने, तरी काळिमा लागायचा तो त्याच्या मालकाला.

दुसरा संदर्भ, नवख्याकडे संशयाने बघण्याचा, तळोद्याचाच. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याचं सुमारे 4200 हेक्टर वनक्षेत्र 1990 आणि 1994 मध्ये मोकळं करण्यात आलं. सोमावल, रोझवा अशा वसाहती उभ्या राहिल्या. नर्मदेकाठच्या डोंगरात ज्या माणसाचा शब्द पाच पाड्यांत चालत होता, तो सपाटीवर उतरला तेव्हा इथे त्याला ओळखणारं कोण होतं? बियाणं उधार मागायला गेला तर त्याची हमी कोण घेणार? त्याची साक्ष देणारं अख्खं गाव एकतर पाण्याखाली गेलं होतं किंवा दुसऱ्या वसाहतीत विखुरलं होतं. जमिनीचा, घराचा मोबदला सरकारी कागदावर येतो. पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली पत लिहायला त्या कागदात रकाना नव्हता.

नव्याने आलेल्याला कुठला आकडा द्यायचा, हा संगणकशास्त्रात वरवर किरकोळ दिसणारा प्रश्न आहे. योसांग यांचं सूत्र 0.5 देतं. एखाद्या कंपनीचं सूत्र शून्य देऊ शकतं, आणि तसं दिलं तर विस्थापित, स्थलांतरित, पहिल्यांदा सातबाऱ्यावर नाव लागलेली बाई, वनहक्काचा दावा नुकता मंजूर झालेला कुटुंबप्रमुख, हे सगळे यंत्राच्या नजरेत बुडव्यांच्या रांगेत बसतील. तो एक आकडा निवडणं हा राजकीय निर्णय आहे. तो कुठल्याशा अभियंत्याच्या टेबलावर रात्री उशिरा होऊ नये.

एजंट एकमेकांशी खरोखर कसे वागतात, हे बघायला मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी नोव्हेंबर 2025 मध्ये एक कृत्रिम बाजार मांडला. ग्राहकांच्या बाजूने 100 एजंट, दुकानदारांच्या बाजूने 300. निष्कर्ष काळजीत टाकणारे आहेत. अनेक एजंट पर्याय तोलण्याऐवजी पहिल्या आलेल्या देकारालाच होकार देत होते. बनावट प्रशस्तिपत्रं आणि लोकप्रियतेचे खोटे दावे पुढे केल्यावर काही एजंट भुलले, काही टिकले. बांधावरचा शेतकरी पहिल्या भावाला कधी हो म्हणत नाही, आणि दाखवलेलं पत्र खरं की खोटं हे दुसऱ्या गावात फोन लावून विचारतो. तेवढी सावधगिरी ज्या यंत्रात नाही, त्याच्या हाती वर्षाचं पीक देता येणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. चांगला एजंट शेतकऱ्याला दहा बाजारांचे भाव एकाच वेळी काढून देईल, दिल्लीतल्या खरेदीदाराने नाशिककडच्या द्राक्षवाल्याचे पैसे रखडवले होते का हे शोधून सांगेल, भीतीने गप्प बसणाऱ्याचा अनुभव नाव न फोडता नोंदवेल. गावातली साक्ष पाच कोसांपलीकडे पोचत नाही. ही साक्ष पोचेल. पण त्यासाठी अटी घालायची वेळ आता आहे. तळोदा आणि शहाद्याच्या बाजार समित्यांनी, शेतकरी उत्पादक कंपन्यांनी, आणि शेतीचं एआय धोरण राबवणाऱ्या कृषी विभागाने विकत घेण्याआधी विचारावं : या एजंटमागे जबाबदार कोण, त्याचं नाव आणि पत्ता काय? माझ्याबद्दलचा आकडा मला मराठीत, भिलीत, पावरीत समजेल असा दिसेल का, चुकला तर कुणाकडे जायचं? दुसऱ्या कंपनीकडे गेलो तर माझी पत माझ्याबरोबर येईल का? नवख्याला कुठून सुरुवात? आणि पैसे बुडाले तर भरून कोण देणार? या प्रश्नांची लेखी उत्तरं मिळेपर्यंत एकाही शेतकऱ्याने आपला सौदा यंत्रावर सोडू नये, आणि एकाही बाजार समितीने त्याला तसं करायला सांगू नये.